कव्हर लेटर: जाहिरात वाचण्यापासून रुजू होण्यापर्यंत

२ जून २०२५ ला मी नव्या नोकरीत रुजू झाले. त्याआधीची पावणेचार वर्षं आईच्या आजारपणामुळे घरी होते. पुन्हा नोकरी शोधायचं ठरवलं तेव्हा बायोडेटा सुधारून घेणं फारसं जड गेलं नाही. त्यात रकाने असतात, तारखा असतात, भरत गेलं की भरतो. खरी अडचण आली ती कव्हर लेटरपाशी, म्हणजे अर्जासोबत जोडायच्या पत्रापाशी. समोर कोरं पान, आणि त्या एका पानात आपण कोण, काय केलं, मधली वर्षं कुठे होतो आणि हीच नोकरी का हवी, हे सगळं एका अनोळखी माणसाला सांगायचं.

नमुने ढिगाने मिळतात, पण खंड पडलेल्या माणसाला त्यांचा फार उपयोग होत नाही. म्हणून जे जसं घडलं ते क्रमाने लिहून ठेवते आहे. माझं क्षेत्र औषधांच्या पॅकेजिंगमधली गुणवत्ता तपासणी. तुमचं वेगळं असेल, तरी पत्र लिहिताना अडायला होतं त्या जागा बहुतेक सारख्याच असतात.

१० फेब्रुवारीला जाहिरात दिसली. क्वालिटी अ‍ॅश्युरन्स एक्झिक्युटिव्ह, पॅकेजिंग विभाग. अर्जाची शेवटची तारीख ५ मार्च. खाली एक ओळ: ‘कव्हर लेटर अनिवार्य, एका पानापेक्षा मोठे नको.’ सगळ्यात आधी मी ती जाहिरात पीडीएफ करून ठेवली आणि तिचा संदर्भ क्रमांक वहीत लिहिला. मुदत संपली की जाहिरात पोर्टलवरून निघून जाते आणि मग मुलाखतीला जाताना नेमकं काय मागितलं होतं ते आठवावं लागतं. या पीडीएफचा मला पुढे अगदी शेवटच्या टप्प्यावर उपयोग झाला, ते ओघात येईलच.

मग तिची प्रिंट काढली आणि पेन घेऊन बसले. जाहिरातीत दोन प्रकारच्या अपेक्षा असतात: ‘आवश्यक’ आणि ‘असल्यास प्राधान्य’. त्या वेगळ्या केल्या. पण त्याहून उपयोगी पडलं ते पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी शोधणं. या जाहिरातीत नोंदींचा विषय वेगवेगळ्या शब्दांत सारखा येत होता. बॅच रेकॉर्ड (एका बॅचच्या सगळ्या कामाच्या नोंदी) तपासणे, डेव्हिएशनची (ठरलेल्या पद्धतीत किंवा मर्यादेत पडलेल्या फरकाची) नोंद व पाठपुरावा, ऑडिटसाठी कागदपत्रं तयार ठेवणे. यंत्रांबद्दल मात्र जेमतेम एक ओळ. एवढ्या वेळा एकच गोष्ट मागतात, म्हणजे तिथेच त्यांना माणूस कमी पडतोय, असा मी अंदाज बांधला. पत्र कशाभोवती लिहायचं हे तिथेच ठरलं. माझ्या मते कव्हर लेटरचं निम्मं काम या वाचनात होतं, आणि लोक नेमकं हेच घाईत उरकतात.

त्याच आठवड्यात एका जुन्या सहकारी मैत्रिणीला फोन केला. ती आता दुसरीकडे भरतीचं काम बघते. तिला विचारलं, ‘खरं सांग, तुम्ही ही पत्रं वाचता का?’

ती म्हणाली, ‘अगं, सगळ्यांची नाही वाचत. आधी बायोडेटा बघतो. त्यात बसणारा माणूस असेल तर पत्र उघडतो. आणि बायोडेटा बघून काही प्रश्न पडला तर मात्र हमखास उघडतो. तुझ्या बायोडेटात प्रश्न पडणारच. एवढी वर्षं कुठे होती ही? तेव्हा तुझं पत्र वाचलं जाईल असं धरूनच लिही.’

हे ऐकून आधी धाकधूक वाढली, मग बरंही वाटलं. वाचणारा माणूस डोळ्यांसमोर आला की लिहायला आधार मिळतो. तिने आणखी एक सांगितलं. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एटीएस नावाच्या सॉफ्टवेअरमधून जातात. भरतीवाले त्यात जाहिरातीतले शब्द टाकून अर्ज शोधतात. त्यामुळे जाहिरातीत ‘डेव्हिएशन’ म्हटलं असेल तर आपणही ‘डेव्हिएशन’च लिहावं, दुसरा प्रतिशब्द शोधत बसू नये. मात्र आपण जे काम केलंच नाही त्याचा शब्द केवळ सॉफ्टवेअरसाठी घुसडू नये, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

पत्रात आधी काय घ्यायचं, यावर मी बराच काळ अडून होते. मला स्वतःला सगळ्यात जास्त अभिमान आहे तो नव्या मुलामुलींना कामात तयार केल्याचा. ते पहिल्या परिच्छेदात यावं असं मनापासून वाटत होतं. पण जाहिरातीत प्रशिक्षणाचा उल्लेखच नव्हता. त्या सुमारास लिओनार्दो द विंचीच्या पत्राबद्दल वाचलं. साधारण १४८२ च्या सुमारास मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागताना त्याने जे पत्र तयार केलं, त्याचा मसुदा मिलानच्या अँब्रोसियाना ग्रंथालयात आहे. त्यात त्याने मुद्दे मांडलेत ते हलक्या पुलांचे, तोफांचे, भुयारांचे, वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी काढून टाकण्याचे. चित्रकलेचा उल्लेख येतो पार शेवटी. लुदोविकोला लढाईची चिंता होती, म्हणून लढाईचं आधी. हे वाचून माझं मन वळलं. प्रशिक्षणाचं वाक्य पत्रात ठेवलं, पण शेवटच्या परिच्छेदात, एकच.

आता प्रत्यक्ष लिहिणं. सगळ्यात वर विषयाची ओळ: पदाचं नाव आणि संदर्भ क्रमांक. तो क्रमांक तिथे एकदा आला की ‘आपल्या अमुक तारखेच्या जाहिरातीस अनुसरून’ या वाक्यावर पहिली ओळ खर्ची पडत नाही. आणि पहिली ओळ फार मोलाची असते. माझा पहिला खर्डा असा होता:

‘मला गुणवत्ता विभागातील कामाचा आठ वर्षांचा अनुभव असून मी मेहनती, प्रामाणिक व जबाबदार आहे.’

मैत्रिणीला पाठवला. तिने फोन करून एवढंच विचारलं, ‘यातला एक तरी शब्द असा आहे का, जो बाकीच्यांनी लिहिला नसेल?’ मी गप्प झाले, कारण नव्हता. मग ती म्हणाली, ‘तू तिथे रोज नेमकं काय करायचीस ते मला सांग. लिहू नकोस, बोल.’

मी फोनवर व्हॉइस रेकॉर्ड करून तिला पाठवलं. बोलताना आपोआप काम आठवत गेलं, लाइनवरचा आवाज आठवला, शिफ्ट बदलतानाची धावपळ आठवली. नंतर तेच ऐकत ऐकत टाइप केलं. पत्र इंग्रजीत पाठवायचं होतं, तरी आधी मराठीत बोलून घेतल्याने वाक्यं साधी राहिली. ज्यांना लिहिताना अडकायला होतं त्यांनी हे जरूर करून बघावं. पत्राचं पहिलं वाक्य अखेर असं झालं:

‘पॅकेजिंग लाइनवर एका उत्पादनाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होताना आधीचं एकही लेबल मागे राहू नये, ही जबाबदारी पाच वर्षं माझ्याकडे होती.’

यात ‘जबाबदार’ हे विशेषण नाही, जबाबदारी कोणती होती ते आहे. वाचणारा त्याच क्षेत्रातला असेल तर त्याला पुढचं सगळं कळतं. लाइन क्लिअरन्स, चुकीचं लेबल चुकीच्या बाटलीवर जाण्याचा धोका, रात्रपाळीत त्यावर लक्ष ठेवणं. ते वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा परिच्छेद हा पत्राचा गाभा. तिथे मी एकच प्रसंग घेतला. आधी पाच-सहा कामं एकेका ओळीत मांडली होती, पण ती बायोडेटात होतीच, पत्रात त्यांची नुसती उजळणी होत होती. एक प्रसंग निवडून तो नीट सांगावा, हे मला फार पटलं. परिस्थिती काय होती, माझ्याकडे काय काम होतं, मी काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला, या क्रमाने. इंग्रजीत याला स्टार पद्धत म्हणतात, मुलाखतीच्या तयारीतही ती कामाला येते.

प्रसंग असा. पॅकेजिंगमध्ये प्रत्येक बॅचअखेर लेबलांचा हिशोब जुळवावा लागतो. स्टोअरमधून आलेली लेबलं बरोबर वापरलेली, अधिक खराब झालेली, अधिक परत केलेली. आमच्याकडे काही बॅचेसना हा हिशोब मर्यादेबाहेर जायचा आणि डेव्हिएशन लिहावं लागायचं. सगळ्यांना वाटायचं की ऑपरेटर खराब लेबलं नीट मोजत नाहीत. मी काही बॅचेसचे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा लक्षात आलं की फरक येतो तो लेबलांचा जोड असलेला, म्हणजे मधे तोडून पुन्हा चिकटवलेला, रोल वापरलेल्या बॅचेसना. रोलच्या वेष्टनावर लेबलांची जी संख्या छापलेली असायची तीच आम्ही धरून चालत होतो, आणि जोड असलेल्या रोलमध्ये प्रत्यक्ष लेबलं तेवढी नसायची. मी सुचवलं की रोल स्टोअरमध्ये आल्यावर मोजणी यंत्रावरून एकदा फिरवून घ्यावा आणि लाइनला देताना तो मोजलेला आकडा लिहावा. व्यवस्थापकांनी मान्यता दिली, मी एसओपीचा, म्हणजे कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीचा, मसुदा लिहिला, स्टोअरच्या लोकांबरोबर बसून तो पक्का केला.

हे सगळं पत्रात सहा ओळींत बसवलं. त्यात ‘आम्ही’ कुठे आणि ‘मी’ कुठे, यावर बारकाईने काम केलं. कागद शेजारी ठेवून कारण शोधलं ते मी. मान्यता व्यवस्थापकांची. पद्धत बसवली ती आम्ही सगळ्यांनी. एकट्याने सगळं केल्यासारखं लिहिलं तर अनुभवी माणसाला ते लगेच जाणवतं, आणि सगळीकडे ‘आम्ही’ लिहिलं तर या बाईंनी नेमकं काय केलं तेच कळत नाही.

आकड्यांचा प्रश्न राहिला. पत्रात आकडा असावा असं सगळे सांगतात, ते खरंही आहे. पण जुन्या कंपनीची अंतर्गत माहिती बाहेर देणं बरोबर नाही आणि नोकरी सोडताना गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली असते. मी माझ्या तेव्हाच्या वरिष्ठ मॅडमना मेल करून विचारलं. त्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: ‘उत्पादनाचं नाव, ग्राहकाचं नाव, बॅचेसची संख्या लिहू नकोस. त्या कारणाने होणारी डेव्हिएशन्स वर्षभरात निम्म्याहून कमी झाली, एवढं लिहिलंस तर हरकत नाही. आणि संदर्भासाठी माझं नाव दे.’ खूप बरं वाटलं. इतक्या वर्षांनी मेल करताना संकोच होत होता, पण चांगल्या कामाची आठवण लोक ठेवतात. तुमच्याही मनात असा संकोच असेल तर जरूर विचारा.

जाहिरातीतली एक अट माझ्याकडे नव्हती. इलेक्ट्रॉनिक बॅच रेकॉर्डचा अनुभव. मी काम केलं तेव्हा आमच्याकडे सगळं कागदावर होतं. ही अट ‘असल्यास प्राधान्य’मध्ये होती, म्हणून अर्ज करायला हरकत नव्हती. ती न उल्लेखता पुढे जावं, असंही काही जणांनी सुचवलं. मला ते पटलं नाही. वाचणारा तेच शोधत असेल तर त्याला उत्तर मिळायला हवं. मी लिहिलं:

‘इलेक्ट्रॉनिक बॅच रेकॉर्डवर मी प्रत्यक्ष काम केलेलं नाही. कागदी बॅच रेकॉर्ड तपासताना अ‍ॅलकोआची तत्त्वं मी रोज वापरली आहेत आणि नवी प्रणाली शिकण्याची माझी तयारी आहे.’

अ‍ॅलकोआ म्हणजे नोंद कुणी केली ते कळावं, ती वाचता यावी, त्याच वेळी केलेली असावी, मूळ असावी आणि अचूक असावी. कागद असो की पडदा, हे बदलत नाही. जी गोष्ट येत नाही ती एका वाक्यात सांगायची आणि तिच्या सगळ्यात जवळचं जे येतं ते लगेच पुढे ठेवायचं. माफी मागायची नाही.

आता खंडाचा परिच्छेद. याला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तो वेळ लिहिण्याचा नव्हता. पहिल्या खर्ड्यात आईबद्दल अर्धं पान लिहिलं गेलं. तिचं आजारपण, हॉस्पिटलच्या फेऱ्या, औषधांच्या वेळा, मी त्या काळातही किती व्यवस्थित नोंदी ठेवत होते वगैरे. लिहून झाल्यावर खूप रडले. ती नोव्हेंबरमध्ये गेली. ते अर्धं पान मी पत्रातून काढलं आणि वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं, ते माझं माझ्यापाशी आहे. नोकरी देणाऱ्याला त्यातल्या दोनच गोष्टी हव्या असतात: कारण काय होतं आणि आता पूर्णवेळ येता येईल का.

दोन वाक्यं उरली. पहिलं सोपं होतं: ‘सप्टेंबर २०२१ पासून कुटुंबातील आजारपणाच्या शुश्रूषेसाठी मी नोकरीतून बाहेर होते.’ दुसरं आधी असं लिहिलं होतं: ‘ती जबाबदारी आता संपली आहे.’ वाक्य म्हणून त्यात काही चुकीचं नव्हतं, पण ते मला पाठवता येईना. आईबद्दल ‘संपली’ असं लिहायला हात धजेना. शेवटी लिहिलं, ‘आता मी पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध आहे.’ त्यांना हवी ती माहिती यात पूर्ण होती. तुमच्या पत्रातही अशी एखादी जागा असेल तर तिला वेळ द्या. माहिती तीच ठेवून आपल्याला झेपेल असं वाक्य सापडतं.

हा परिच्छेद तिसरा ठेवला. अगदी सुरुवातीला ठेवला तर माझी ओळख खंडापासून सुरू झाली असती, आणि शेवटी ठेवला तर लपवल्यासारखं दिसलं असतं. काम सांगून झाल्यावर, शांतपणे, मधे.

शेवटचा परिच्छेद छोटा. नव्या लोकांना लाइन क्लिअरन्स शिकवायला आवडतं हे एक वाक्य, निवड झाल्यास कधीपासून येऊ शकते ते एक, आणि आभार. पगाराची अपेक्षा पत्रात लिहिली नाही, कारण ती ऑनलाइन अर्जात वेगळ्या रकान्यात विचारली होती. जिथे जाहिरातच पत्रात लिहायला सांगते तिथे मात्र लिहावी.

मायना कुणाच्या नावाने लिहायचा हाही प्रश्न होता. जाहिरातीत नाव नव्हतं. कंपनीच्या मुख्य फोन नंबरवर विचारलं, त्यांनी नाव दिलं नाही, पण अर्ज गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांकडे जातात असं सांगितलं. मग त्या पदाच्या नावाने लिहिलं. बाई की पुरुष याचा अंदाज बांधून ‘सर’ लिहिण्यापेक्षा पदनाम बरं.

एआयच्या चॅट टूललाही मी मसुदा दाखवला. त्याने पत्र गुळगुळीत करून दिलं. लाइन, रोल, जोड हे सगळं गेलं, आणि मी कुठेही न म्हटलेलं ‘नेतृत्वगुण’ मात्र आलं. ते मी वापरलं नाही. इंग्रजीचं व्याकरण आणि स्पेलिंग तपासायला ते चांगलं आहे, तेवढं त्याच्याकडून करून घेतलं. जुन्या कंपनीची कुठलीही माहिती अशा ठिकाणी टाकताना गोपनीयतेचा तोच नियम पाळावा. मी त्याला दाखवलेल्या मसुद्यात नावं आणि आकडे नव्हते.

पत्र साडेतीनशे शब्दांच्या आत बसलं. ए४ कागद, चारी बाजूंनी अडीच सेंटिमीटर समास, साधा फाँट, ११ चा आकार. रंग, चौकटी, फोटो काही नाही. रात्री प्रिंट काढून ठेवली आणि सकाळी मोठ्याने वाचली. वाचताना जिथे दम लागला तिथे वाक्य तोडलं. धाकट्या भावाला दिलं, त्याला आमच्या क्षेत्रातलं काही कळत नाही. ‘ताई, रोलचं काय ते नीट समजलं नाही, पण तू काहीतरी शोधून काढलंस हे समजलं,’ असं तो म्हणाला. मला तेवढं पुरेसं होतं. तांत्रिक भाग तांत्रिक माणसासाठी होता, आणि मनुष्यबळ विभागातल्या वाचणाऱ्याला निदान एवढं कळायला हवं होतं.

३ मार्चला अर्ज भरला. मुदतीच्या आदल्या दिवशीपर्यंत थांबू नका, पोर्टल त्या दिवशी हमखास रखडतं. आधी नोंदणी, ओटीपी, मग बायोडेटा अपलोड. पोर्टलने बायोडेटातून माहिती आपोआप उचलली, पण नोकरीच्या तारखांचे महिने उलटसुलट बसवले, ते हाताने दुरुस्त केले. कव्हर लेटरसाठी दोन पर्याय होते: फाइल जोडणं किंवा चौकटीत पेस्ट करणं. मी दोन्ही केलं. चौकटीला ४००० अक्षरांची मर्यादा होती, मोकळ्या जागाही त्यात धरतात. वर्डमधून पेस्ट केल्यावर परिच्छेद एकमेकांना चिकटले आणि अवतरणचिन्हांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. म्हणून पत्राची एक साधी मजकूर-प्रत नोटपॅडमध्ये तयार ठेवावी आणि तीच पेस्ट करावी. फाइल पीडीएफ, २ एमबीच्या आत, आणि नावात आपलं नाव, पद व संदर्भ क्रमांक. ‘फायनल-नवीन-२’ असलं नाव नको.

थोडा वेळ स्क्रीन तशीच राहिली तर पोर्टल आपोआप लॉगआउट करत होतं आणि न जतन केलेलं जात होतं. त्यामुळे प्रत्येक पानावर आधी ‘सेव्ह’. शेवटी सगळी माहिती खरी असल्याच्या घोषणेवर खूण करायची. ‘सबमिट’ केल्यावर काहीच बदलता येत नव्हतं, म्हणून त्याआधी एकदा फाइल उघडून तीच आहे ना, कंपनीचं नाव बरोबर आहे ना ते पाहिलं. अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट घेतला. पोच देणारा मेल स्पॅममध्ये सापडला.

त्यानंतरची वाट पाहणं कठीण गेलं. पोर्टलवर स्थिती एकच: ‘अंडर रिव्ह्यू’. सुरुवातीला मी दिवसातून अनेकदा बघत होते, मग ठरवून फक्त संध्याकाळी. १९ मार्चला, मुदत संपून दोन आठवडे झाल्यावर, चार ओळींचा मेल पाठवला: संदर्भ क्रमांक, अर्जाची तारीख, अजूनही उत्सुक आहे, काही कागद हवे असल्यास कळवावे. उत्तर आलं नाही. पण असा एक मेल पाठवणं योग्यच आहे असं मला वाटतं. दुसरा पाठवू नये.

दरम्यान इतर ठिकाणीही अर्ज केले. दर वेळी पत्र नव्याने लिहिलं नाही. प्रसंगाचा परिच्छेद आणि खंडाचा परिच्छेद तसेच राहिले. विषयाची ओळ, पहिलं वाक्य आणि जाहिरातीतल्या अटींना उत्तर देणारा भाग बदलला. जिथे पत्र ऐच्छिक होतं आणि ती नोकरी मला तितकी नको होती, तिथे पत्र जोडलंच नाही. एका ठिकाणाहून छापील नकार आला, काही ठिकाणांहून आजतागायत काहीच नाही. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. घरी बसलेल्या माणसाला असं मौन फार लागतं. त्या दिवसांत मैत्रीण रोज फोन करायची, कामाचं काही न विचारता.

११ एप्रिलला फोन आला, मुलाखत २२ एप्रिलला ठरली. समोर तिघं होती. गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांच्या हातात माझ्या पत्राची प्रिंट होती आणि रोलच्या ओळीखाली पेन्सिलची रेघ. पहिला प्रश्न: ‘प्रत्येक रोल मोजायचा म्हणजे स्टोअरचं काम वाढलं असेल. त्यांनी ऐकलं कसं?’ मी सांगितलं की सुरुवातीला त्यांनी नाहीच म्हटलं. मग फक्त जोड असलेल्या रोलवर काही आठवडे करून पाहिलं, बॅचअखेरचा शोधाशोधीचा वेळ वाचतो हे त्यांना दिसलं, तेव्हा ते तयार झाले. पुढचा बराच वेळ याच विषयावर गेला. पत्रातल्या प्रत्येक वाक्यावर पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे, हे मैत्रिणीने आधीच बजावलं होतं, त्याचा प्रत्यय आला. इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डबद्दल त्यांनी स्वतःच म्हटलं, ‘तुम्ही लिहिलंय की केलेलं नाही. आमच्याकडे प्रशिक्षण आहे.’ मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी खंडाबद्दल एकच विचारलं: ‘आता शिफ्ट जमतील ना?’ मी सांगितलं की जाहिरातीप्रमाणे जनरल शिफ्टला काहीच अडचण नाही.

मे महिन्यात निवडीचा मेल आला आणि कागदपत्रांची पडताळणी सुरू झाली. आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या पगारपावत्या, शिक्षणाची प्रमाणपत्रं. पडताळणी करणाऱ्यांनी पत्र, बायोडेटा आणि रिलीव्हिंग लेटर यांतल्या तारखा ताडून पाहिल्या. रिलीव्हिंग लेटरवर ३१ ऑगस्ट २०२१ आणि पत्रात ‘सप्टेंबर २०२१ पासून’, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. खंड असेल तर नुसतं वर्ष लिहू नका, महिना लिहा, आणि तो कागदावरून बघूनच लिहा. वरिष्ठ मॅडमनाही फोन गेला होता, त्यांनी मला नंतर मेसेज करून सांगितलं.

नियुक्तिपत्र आलं त्यात शिफ्ट ‘रोटेशनल’, म्हणजे आळीपाळीने बदलणारी, लिहिली होती. फेब्रुवारीत जतन केलेली जाहिरातीची पीडीएफ तेव्हा कामाला आली. जनरल शिफ्टच्या ओळीवर खूण करून ती मेलला जोडली आणि विचारलं की यातलं कोणतं लागू आहे. पोर्टलवर ती जाहिरात केव्हाच दिसत नव्हती. नियुक्तिपत्राचा जुना नमुना वापरला गेला होता असं त्यांनी कळवलं आणि दुरुस्त पत्र पाठवलं. ते ओळीओळीने वाचून सही केली आणि सही केलेली प्रत, जाहिरात व पाठवलेलं कव्हर लेटर, तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवलं.